कांड्या कोणी भरल्या?

रविवारी दुपारी नागपूरच्या तांडापेठेतल्या एका घरात लढाई होते, हे त्या गल्लीत आता सगळ्यांना ठाऊक आहे. तीनच्या सुमारास धंतोलीहून स्वानंद येतो, त्याच्या मागोमाग नूपुर येते, आणि घरची रुचिका समोरच्या खोलीत टेबल मांडून तयार बसलेली असते. मग संध्याकाळपर्यंत राक्षस मरतात, पूल कोसळतात, कोणाचा तरी घोडा बुजतो. प्रत्यक्षात मात्र तिघं चांगली कमावती, शिकली-सवरलेली माणसं खुर्च्यांवर बसून कागदांत डोकं घालतात आणि मधूनमधून वीस तोंडांचा एक फासा टाकतात, एवढंच. सुरुवातीला शेजारच्या सत्यवतीबाईंना वाटलं, हा जुगार. त्या खिडकीशी येऊन हळूच विचारून गेल्या.

"जुगार नाही वं," वच्छलाबाईंनी त्यांना समजावलं. "गोष्ट सांगून राहिले. फासा चांगला पडला की गोष्ट पुढं जाते, नाही पडला की मार खाते."

वच्छलाबाई म्हणजे रुचिकाची आई. वय त्रेसष्ट, माहेर उमरेडचं. या लढाईला रसद पुरवायचं काम त्यांच्याकडे आहे, आणि ते त्या मनापासून करतात. तर्री-पोह्यांची पहिली खेप साडेतीनला, चहा साडेचारला. मधल्या वेळात स्वयंपाकघराच्या दारात बसून डाळ निवडायची आणि ऐकायचं. कोणत्या राक्षसाला किती डोकी होती आणि त्यातली किती उरली, हे खेळणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त पाठ असतं. स्वानंद एकदा विसरला की त्याच्या खेळातल्या शूर रणधीरची ढाल मागच्याच रविवारी मोडली आहे. वच्छलाबाईंनी डाळीतून मान वर न करता त्याला आठवण करून दिली. तेव्हापासून स्वानंद त्यांना जरा वचकून असतो.

बाई तशा बोलक्या. भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत कोणाशीही दोन शब्द जास्तच बोलतील. पण एका विषयावर त्यांचं बोलणं फार लवकर संपायचं. कोणी विचारलं, "तुम्ही कोष्टी ना? विणायचे ना तुम्ही?" की उत्तर ठरलेलं.

"हे विणत होते. मी आपली कांड्या भरत होती."

कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची छोटी गुंडाळी. धोटा ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडे पळतो, तेव्हा आडवा धागा या कांडीतून सुटत जातो. ती संपली की दुसरी घालायची. याच समोरच्या खोलीत दोन माग होते. एकावर सासरे बसत, दुसऱ्यावर ईश्वरदास, म्हणजे वच्छलाबाईंचे यजमान. पंचवीस वर्षं वच्छलाबाईंनी चरख्यावर दोन्ही मागांच्या कांड्या भरल्या, खळ शिजवली, तुटलेले धागे जोडले. नऊवारी तयार झाली की तिची घडी घालून ती गांधीबागेच्या कापडबाजारात जायची, आणि शेठ म्हणायचे, ईश्वरदासचं काम आहे, बघायला नको. सोसायटीच्या कार्डावर विणकर म्हणून नाव ईश्वरदासांचं. रेशनच्या, दवाखान्याच्या, मतदानाच्या प्रत्येक कागदावर वच्छलाबाईंच्या नावापुढे गृहिणी. त्यात त्यांना काही खटकायचंही नाही. खरं सांगायचं तर खटकतं की नाही हे त्यांनी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

एका गोष्टीत मात्र त्यांचं नाव आवर्जून घेतलं जायचं. लग्न झालं त्या पहिल्याच वर्षी, पोळ्याच्या आगेमागे, एक नऊवारी गांधीबागेतून परत आली होती. शेठनं पदरापासून हातभर अंतरावर बोट ठेवलं. तिथे कापडात आडवी रेघ पडलेली होती, विरळ, उजेडात धरली की दिसेल अशी. सासूबाईंनी निकाल जागच्या जागी दिला. उमरेडच्या पोरीनं कांडी ठासून भरली, ती धोट्यात अडकली, धागा तुटला, म्हणून रेघ. सून एकोणीस वर्षांची, मान खाली घालून उभी. पुढे राग गेला आणि त्याची थट्टा झाली. घरात कशातही खोट निघाली, भात करपला की शाईचा डाग पडला, की म्हणायचं, वच्छलाची रेघ. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, थट्टा अजून घरात नांदते आहे. साडी चांगली उतरली तर ईश्वरदासची, रेघ पडली तर वच्छलाची, असा साधा हिशेब होता. वच्छलाबाई स्वतःही तो हसत हसत सांगायच्या.

माग जाऊन आता अठरा वर्षं झाली. ईश्वरदास धंतोलीतल्या एका दवाखान्यात चादरी-पडद्यांचं कोठार सांभाळतात. अर्ध्या दिवसाची ड्युटी. नवी चादर आली की ती अंगठा आणि बोटात चोळून नाक मुरडायचं, हा त्यांचा तिथला मुख्य आनंद.

तर या घरात गेले चार महिने एक भांडण चाललं होतं. खेळ तिघांचा स्वतःचा, तिघांनीच रचलेला, नियम अजून पक्के व्हायचे होते. रुचिकाचं म्हणणं, या गोष्टीत नुसते योद्धे आणि जादूगार नकोत, कारागीरही हवेत. लोहार, कुंभार, वैद्य, विणकर. प्रत्येकाच्या हुनराला नियम हवेत. त्यासाठी तिनं चाळीस पानांचं प्रकरण लिहून काढलं होतं. विणकामाची माहिती तिनं ईश्वरदासांना समोर बसवून घेतली होती. बापानं तीन संध्याकाळी माग समजावला, पोरीनं टिपून घेतलं, आणि वच्छलाबाईंनी दोघांना चहा दिला. आपल्या घरचं काम कोणी वहीत उतरवून घेतंय, हे बघूनच त्यांना इतकं बरं वाटलं की तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी न मागता भजी तळली.

स्वानंदचं म्हणणं अगदी उलटं. तो एका कंपनीत कारकुनी करतो, आणि मन लावून करतो असं कोणी म्हणणार नाही. "आठवडाभर कामच करून राहिलो ना आपण?" तो म्हणायचा. "रविवारी पण काम? मी येतो राक्षस मारायले. मडकी भाजायले नाही. कारागीर गोष्टीत असू दे, बाजारात बसू दे, आपण त्याच्याकडून तलवार घेऊ. पण त्याचं काम आपण काहून करायचं?"

नूपुर दोघांच्या मधे. तिला दोन्ही पटायचं, आणि त्यामुळे दोघंही तिच्यावर चिडायचे.

शेवटी ठरलं ते असं. एक रविवार कारागिरीच्या परीक्षेचा. गोष्ट रुचिका सांगेल. तिच्या नियमांतून टेबलावर एक तरी रंगलेला प्रसंग उभा राहिला, तर प्रकरण राहील. नाही राहिला, तर चाळीस पानं खेळातून कायमची बाद, आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. रुचिका हो म्हणाली खरी, पण त्या आठवड्यात तिचं जेवणात लक्ष नव्हतं. वच्छलाबाईंनी ते पाहिलं. पोरीचं प्रकरण टिकावं असं त्यांना इतकं वाटायला लागलं की शुक्रवारी देवापुढे दिवा लावताना तेही मागून घेतलं. देवाला काय कळलं असेल कोण जाणे.

रविवार आला. ईश्वरदास ड्युटीवर होते. पोहे झाले, डाळीचं ताट घेऊन वच्छलाबाई आपल्या जागी बसल्या, आणि रुचिकानं गोष्ट सुरू केली.

स्वानंद आणि नूपुरचे वीर मेघगडाच्या पायथ्याशी येऊन पोचतात. गडाचा दरवाजा बंद. राणीचं फर्मान आहे, आज सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जो हातमागावर नऊवारी विणून आणील, त्यालाच दार उघडेल. मागून शत्रूचं सैन्य येतंय. संध्याकाळपर्यंत आत गेलो नाही तर संपलो.

नूपुरच्या कागदावर त्या दिवशी हुनर होता विणकराचा. तिनं फासा उचलला, टाकला. अठरा आले.

"जमलं," रुचिका म्हणाली. "साडी विणून झाली. दार उघडलं."

स्वानंदनं पोह्यांचा शेवटचा चमचा तोंडात घातला आणि ताटली बाजूला सारली.

"झालं?" तो म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्यालाही वाईटच वाटत होतं. "बघ ना रुचिका. एक फासा, अन् साडी तयार. यात मी काय केलं? नूपुरनं तरी काय केलं?"

रुचिकानं वहीची पानं उलटली, जणू कुठेतरी उत्तर लिहून ठेवलं असेल. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी रडू दाबताना व्हायचे तसेच.

वच्छलाबाईंच्या ओठांवर एक प्रश्न आला होता. फासा पडल्याबरोबर आला होता. पण तो विचारला तर पोरीचा नियम आणखीच उघडा पडणार. आधीच बुडत्या गोष्टीला आईनं हात लावावा आणि तोही खाली ढकलायला? त्यांनी डाळीतला एक खडा काढला, दुसरा काढला. तिसऱ्याला धीर संपला.

"कांड्या कोणं भरल्या?" त्यांनी विचारलं.

तिघांनी माना वळवल्या.

"काय काकू?" नूपुर म्हणाली.

"अवं, कांड्या. तू मागावर बसली, बरोबर आहे. मंग कांड्या कोणं भरून देल्या तुले? अन् ताण्याले खळ कोणं लावली? एकट्या बाईनं एका दिवसात नऊवारी? राणी कोण्या गावची आहे ही? तिनं माग पाह्यला तरी आहे का कधी?"

नूपुरला हसू आलं. रुचिकाला नाही आलं. "बाबांनी तर असंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "विणकर मागावर बसतो, धोटा टाकतो, फणी ठोकतो."

"बाबानं बाबाचं सांगतलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "ते बसले राहत. त्यायले भरलेली कांडी हातात भेटत होती. ती कुठून येते ते त्यायले काय माहीत?"

आणि मग त्या सांगत सुटल्या. डाळीचं ताट खाली ठेवलं, पदर खोचला, आणि टेबलाजवळ येऊन उभ्याच राहिल्या. खळ लावायची म्हणजे काय, तर पहाटे पहाटे आख्खा ताणा गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा. उन्हं चढायच्या आत कुंच्यानं खळ फिरवून झाली पाहिजे, नाहीतर सूत कडक होऊन मोडतं. एका घराचं काम नाही ते. दहा हात लागतात. आज तुमचा ताणा, तर शेजारी येणार. उद्या त्यांचा, तर तुम्ही जाणार, अंगात ताप असला तरी जाणार. सायकलवाला आला तरी त्याला उतरून थांबावं लागे. माग कधी पूर्ण रिकामा करत नाहीत, जुन्या ताण्याची टोकं फणीत तशीच ठेवतात आणि एकेका टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडतात. हजारांवर धागे. बोटांची सालं निघतात. आणि कांडी ना सैल भरायची ना ठासून.

"सैल भरली तर गुंता होते. ठासून भरली तर अडकते अन् धागा तुटते," त्या म्हणाल्या. "मले माहीत आहे ना. माझीच रेघ पडली होती."

स्वानंद खुर्चीत पुढे सरकून बसला होता. ताटली त्यानं मघाशीच बाजूला सारली होती, आता फासाही सारला.

"म्हणजे तुटू शकते," तो म्हणाला. "म्हणजे हरू शकतो आपण."

"हराले काय लागते? हातात कांडी घे, कळंल."

रुचिकानं वहीतलं विणकराचं पान सरळ आडवं खोडलं. मग राणीचं फर्मान बदलण्यात आलं. नऊवारीऐवजी पंचा, कारण वच्छलाबाई त्याहून जास्त द्यायला तयारच होईनात. गडाच्या पायथ्याला एक माग सापडला, जुनी टोकं फणीत असलेला. आणि नवा नियम तिथल्या तिथे ठरला. हुनराचा फासा एकट्यानं टाकायचा नाही. विणणारा एक, पण टेबलावरच्या प्रत्येकाला त्या कापडात काहीतरी काम, आणि ज्याचा फासा कमी पडेल त्याचं काम बिघडेल.

शूर रणधीरला खळ ढवळायला बसवलं. सात राक्षस मारलेला माणूस, पण पहिल्याच फाशाला तीन आले आणि खळीत गुठळ्या झाल्या. "गाळून घे," वच्छलाबाईंनी हुकूम सोडला, "फडकं नसंल तर आपला फेटा सोड." स्वानंदनं तोंड वाकडं करून रणधीरचा फेटा सोडला. मग तो धागे जोडायला बसला. शत्रूची धूळ दिसायला लागली होती. ऊन चढत होतं. नूपुर मागावर बसली, आणि कांड्या भरायचा फासा रणधीरच्या वाट्याला आला. स्वानंद उठून उभा राहिला. चार महिन्यांत फासा टाकायला तो कधी उठला नव्हता.

दोन आले.

"तुटला," रुचिका म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, आता ती खरीच गोष्ट सांगत होती. "कापडात रेघ पडली. राणी ती उजेडात धरून बघणार आहे. आता बोला, चूक कोणाची? ज्याची चूक, त्यानं दारात जाऊन राणीला सांगायचं."

"कांडीवाल्याची," वच्छलाबाई लगेच म्हणाल्या. "रेघ पडली की चूक कांडीवाल्याचीच राह्यते."

"नेहमी नाही."

आवाज दारातून आला. ईश्वरदास ड्युटीवरून आले होते. केव्हा आले कोणाला कळलं नव्हतं. एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती.

"विणणारा मधेच उठून गेला, अन् परत येऊन बसला, तरी रेघ पडते," ते म्हणाले. "हात लागलेला राहत नाही ना. पहिले दोन-चार ठोके हलके जातात. तिथं कापड विरळ येते." त्यांनी दुसरी चप्पल काढली, नीट जोडीनं ठेवली. बायकोकडे न बघता म्हणाले, "त्या साडीत धागा तुटलाच नव्हता."

वच्छलाबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"मारबत निघाली होती," ईश्वरदास म्हणाले. "गाजावाजा ऐकू येऊन राहिला होता. पोळ्याचा दुसरा दिवस, सारी पोट्टी तिकडं, अन् आईनं सांगतलं, साडी पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही. आई मागच्या अंगणात गेली, अन् मी उठून गेलो. पिवळी मारबत पाहून आलो, अन् बसलो पुन्हा. रेघ माझी होती."

आता ही मारबत म्हणजे नागपूरकरांची घरचीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा भला थोरला पुतळा गल्लीबोळांतून वाजतगाजत नेतात आणि ओरडतात, इडापिडा घेऊन जा गे मारबत. सगळ्या गावाची दुखणी-खुपणी, वाईट-साईट ती घेऊन जाते म्हणतात.

"साऱ्या गावाची पिडा घेऊन गेली," वच्छलाबाई सावकाश म्हणाल्या, "अन् एक माझ्या पदरात टाकून गेली. चव्वेचाळीस वर्षं झाली. आज सांगून राहिले?"

"आई होती तोवर हिंमत नव्हती," ईश्वरदास म्हणाले. "मंग थट्टा झाली. तूही हासत होती. मले वाटलं, जाऊ दे."

बाईंना राग यायला हवा होता, आणि आलाही, घोटभर. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते फार हलकं होतं. खांद्यावरची एखादी पिशवी कोणीतरी न सांगता उतरवून घ्यावी, तसं. म्हणजे त्यांची कांडी बरोबर होती. पहिल्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, रडत रडत भरलेली ती कांडी अगदी बरोबर होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पोरांसमोर ते पुसायची त्यांनी लाजही धरली नाही.

"पोहे आहेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण तर्री तुमची तुम्ही गरम करून घ्या आज."

ईश्वरदास मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले. टेबलावर पुढे काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर, रणधीरनं दारात जाऊन रेघ माझी म्हणून सांगितलं. राणीनं पंचा उजेडात धरला, रेघ बघितली, आणि कबूल करणारा माणूस आहे म्हणून दार उघडलं. साडेसहा वाजून गेले होते, चहा कोणीच मागितला नव्हता. स्वानंद घामाघूम झाला होता. चाळीस पानांबद्दल त्याला कोणी काही विचारलं नाही. त्यानंच रुचिकाची वही ओढून घेतली आणि लोहाराच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "हा भाता कोण ओढते पण? ते कुठं लिहिलं तू?"

रुचिका इतकी खूश झाली की तिनं सरळ एक कोरा कागद काढून आईपुढे सरकवला. पुढच्या रविवारी दारात बसायचं नाही, टेबलाशी बसायचं. वच्छलाबाई नको नको म्हणाल्या, पण खुर्ची ओढून बसल्या.

"हुनर काय लिहू?" रुचिकानं विचारलं.

"कांड्या भरणं लिही," स्वानंद म्हणाला. "काकूंसारख्या कोणी भरूच शकत नाही."

वच्छलाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ईश्वरदास ताटली हातात धरून तिथे उभे होते, आणि तेही उत्तराची वाट बघत होते.

"काहून?" वच्छलाबाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं या खोलीत विणलं मी. विणकर लिही." मग जरा विचार करून म्हणाल्या, "अन् खाली तलवार लिही. आता हे पोट्टे विणतीन, मी राक्षस पाह्यते."

रुचिकानं दोन्ही लिहिलं.